चारशे बाराव्या ओळीतले गुडघे

मास्तर जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसून होते. पायऱ्या एकंदर चौदा. खाली स्वयंपाकघर, वर कॉम्प्युटरची खोली, आणि मधे सहाव्या पायरीवर दम खायचा, असा गेल्या चार वर्षांचा शिरस्ता.

"पोचलात का अजून वाटेतच?" खालून बाईंनी विचारलं.

"मुक्काम पडलाय."

"मग उतरायचं तेव्हा उतरा. चहा वर आणून मिळणार नाही. माझे गुडघे तुमच्या गुडघ्यांना सीनिअर आहेत."

बाई म्हणजे मास्तरांची बायको. दोघांचा जन्म एकाच शाळेत गेला. मास्तर गणित शिकवायचे, बाई गाणं. आख्खी शाळा त्यांना बाई म्हणायची म्हणून मास्तरही म्हणू लागले, आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं उलटली तरी जिभेला लागलेलं वळण सुटलं नव्हतं.

वर चढायचं ते पत्रं बघायला. कागदावरची नव्हेत, कॉम्प्युटरवरची. दर सकाळी चाळीस-पन्नास पडलेली असत आणि सगळी एकाच विषयावरची: वेळापत्रक.

वेळापत्रक बसवणं ही काय चीज आहे, हे ज्याने कधी बसवलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. चाळीस शिक्षक, तीस वर्ग. चित्रकलेला पाठोपाठचे दोन तास हवेत, प्रयोगशाळा एकच, भूगोलवाल्याला पहिला तास नको कारण त्याची गाडी थंडीत सुरू होत नाही, आणि दोन भाषाशिक्षक असे की त्यांना शेजारशेजारच्या वर्गांत टाकलं तर भिंतीला तडे जातील. एक चिरा हलवावा तर आख्खी भिंत अंगावर. मास्तरांच्या शाळेने यावर उपाय म्हणून एकदा विकतचा प्रोग्रॅम आणला होता. चकचकीत खोक्यातून आला. सगळं छान करायचा, फक्त दिवसाला आठच तास असतात अशी त्याची ठाम समजूत होती. शाळेने नववा तास काढला. मास्तरांनी कंपनीला लिहिलं. कंपनीने उलट टपाली कळवलं की आपली सूचना मोलाची आहे, आम्ही ती तपासून पाहत आहोत. पुढच्या वर्षी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच मोल. तिसऱ्या वर्षी उत्तर आलं नाही, कारण कंपनीच बसली होती. प्रोग्रॅम मात्र ठणठणीत, आठ तासांवर अडून. आत डोकावून आठाचे नऊ करावेत तर सगळं कुलूपबंद. किल्ली कंपनीकडे आणि कंपनी देवाकडे.

तेव्हा एका लांबलचक सुट्टीत मास्तरांनी स्वतःच प्रोग्रॅम लिहिला. शेजारच्या शाळेच्या कारकुनाने मागितला, तर त्याला आतल्या ओळींसकट देऊन टाकला. तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा त्यातल्या दोन चुका दुरुस्त झालेल्या होत्या. मास्तर चक्रावले. पुस्तक उसनं दिलं तर परत येत नाही, छत्री दिली तर काडी मोडून येते. दिली त्याहून बऱ्या अवस्थेत परत आलेली ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वस्तू. म्हणून मग त्यांनी तो प्रोग्रॅम इंटरनेटवर उघडाच ठेवून दिला आणि वर लिहिलं: घ्या, उघडा, बदला, वाटा, फक्त बदलाल ते झाकून ठेवू नका. यालाच ओपन सोर्स म्हणतात हे त्यांना दोन वर्षांनी कळलं. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

कारण तो पसरला. कसा पसरला म्हणाल तर ओल पसरते तसा. भिंतीला विचारून नाही. वाळवंटातली एक शाळा, जिचं वेळापत्रक वादळ बघून ठरतं. एक शाळा जहाजावर, जी वेळेचा पट्टा ओलांडला की एक तास गिळते आणि परतीच्या वाटेवर तोच ओकते. एका बेटावर दोन शिक्षक आणि एकच विद्यार्थी, तरी तास एकमेकांवर आदळत होते, कारण दोघांनाही तो सकाळी ताजातवाना असतानाच हवा होता. प्रत्येकाने मास्तरांचा प्रोग्रॅम उघडला, आपल्यापुरता वाकवला, आणि वाकवलेला तुकडा परत पाठवून दिला.

बाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे मास्तरांचा मेहुणा, कुलपांचा व्यापारी. त्याला हे सारं मुळापासून अमान्य होतं.

"दाजी, झाकली मूठ सव्वा लाखाची," तो दर भेटीत ऐकवायचा. "तुम्ही मूठ उघडून बसलात. लोक येतात ते फुकट ते पौष्टिक म्हणून."

"फुकटच हवं असतं तर कागद-पेन्सिल कुठे पळाली होती?" मास्तर म्हणायचे. "खोकेवालेही पहिलं वर्ष फुकटच वाटतात. तरी लोक इकडे येतायत, दर वर्षी जास्तच. एकदा दाराबाहेर अडकलेला माणूस पुढच्या वेळी घर चांगलं आहे का विचारत नाही रे, किल्ली कोणाकडे असते ते विचारतो."

"म्हणजे माझं दुकान बंदच म्हणा."

"तुझ्या कुलपाबरोबर तू किल्ली देतोस ना? मग तुला काय भीती?"

मेहुणा बोलायचा तेही खोटं नव्हतं. उघड्या घरात कोणीही केव्हाही येतं. पूर्वी मास्तरांना वर्षातून एकदा वेळापत्रकाचा ताप चढे, शाळा सुरू होताना, आणि पंधरा दिवसांत उतरे. आता जगात कुठे ना कुठे शाळा सुरू होतच असते. इकडची सुट्टी संपली की तिकडची संपते. गेल्या बावीस वर्षांत मास्तरांना सुट्टी अशी लागलीच नव्हती, आणि निवृत्त माणसाला रजेचा अर्ज तरी कोणाकडे करता येतो?

त्यात गणितवाले. सगळ्यांत जास्त तक्रारी गणिताच्या शिक्षकांच्या यायच्या, आणि सगळ्या एकाच सुरातल्या: तुमचा प्रोग्रॅम आम्हालाच मधल्या सुट्टीनंतर वरच्या मजल्यावर का पाठवतो? मास्तर सगळ्यांना एकच उत्तर टाकायचे, "तपासून पाहतो," आणि पत्र पुढे ढकलायचे. एका काठीवाल्या गणितमास्तराने तर तीनदा लिहिलं होतं. त्यालाही तीनदा हेच.

कारण मास्तरांना तपासायची गरजच नव्हती. ती करणी त्यांचीच होती.

त्यांची शाळा तीनमजली. बाई गळ्यात अकॉर्डियन अडकवून वर्गावर्गांत जायच्या. सकाळी पाय चालत, दुपारपर्यंत गुडघे सुजून पावासारखे फुगत. मास्तर एकदा म्हणाले होते, "हेडसरांना सांगून दुपारचे तास खाली घेऊया का?" तर बाई अशा उसळल्या की मास्तरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. बाईंनी जन्मात कोणाचा उपकार घेतला नव्हता. एका पालकाने दारात फळांची करंडी ठेवली, तर दुसऱ्या दिवशी ती परत गेली, आणि एक सफरचंद घरात चुकून खाल्लं गेलं म्हणून त्या जागी नवं विकत घेऊन घातलेली. "एकीला सवलत दिली की ती दुसऱ्याच्या डोक्यावर बसते," हे त्यांचं तत्त्व.

म्हणून प्रोग्रॅम लिहिताना मास्तरांनी गुपचूप चारशे बारावी ओळ घातली: मधल्या सुट्टीनंतर संगीताचा तास वरच्या मजल्यावर देऊ नये, जागा मोकळी झाली तर तिथे गणित द्यावं. बाईंचं नाव घातलं असतं तर कोणी वाचलं असतं, म्हणून नुसतं 'संगीत' लिहिलं. तिथेच फसले. नाव घातलं असतं तर ती सवलत एकाच बाईंना मिळाली असती. विषय घातल्यामुळे जगातल्या सगळ्या गाणाऱ्यांना मिळाली.

बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. दुपारी आपल्याला जिना चढावा लागत नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्याचं सगळं श्रेय त्यांनी हेडसरांना देऊन टाकलं. "देवमाणूस," त्या म्हणायच्या. "मी तोंडातून शब्द काढला नाही, पण त्या माणसाने ओळखलं." हेडसर वारून चार वर्षं झाली तरी देवमाणूस महिन्यातून दोनदा जेवताना पानात वाढला जायचा, आणि मास्तर तो मुकाट गिळायचे. हेडसरांशी त्यांचं कधी पटलं नव्हतं. पण सांगणार काय? आपलेच दात, आपलेच ओठ.

तर आता मास्तर थकले होते. गुडघे त्यांचेही गेले होते. ते का गेले, याची चौकशी बाईंनी कधी केली नव्हती, वयाने गेले असं धरून चालल्या होत्या. मास्तरांना एवढंच हवं होतं की हे लोढणं कोणाच्या तरी हातात द्यावं आणि चौदा पायऱ्या चढणं बंद करावं.

हात मिळालाही. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा शाळेत कारकुनी करणारी एक बाई सहा वर्षं दुरुस्त्या पाठवत होती. नावाऐवजी खारीचं चित्र लावायची, म्हणून मास्तर तिला खारूताई म्हणत. चेहरा पाहिला नव्हता, वय ठाऊक नव्हतं, पण तिची दुरुस्ती उघडली की स्वच्छ धुतलेल्या भांड्यासारखी वाटायची. मास्तरांनी विचारलं, "सांभाळशील का?" ती म्हणाली, "सांभाळीन. एकटी नाही, आम्ही पाच जणं मिळून. पण एक अट. मी आधी प्रत्येक ओळ वाचणार. जी कळणार नाही ती तुम्ही समजावून सांगायची. सांगता आली नाही तर ती जाईल."

मास्तर इतके दमले होते की हो म्हणून बसले. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. मास्तरांच्या मनात त्या दिवशी नुसती झोप होती.

खारूताई तीनशे नव्वदाव्या ओळीपर्यंत आली, आणि नेमकं तेव्हाच एक पत्र आलं. पाण्यात खांब रोवून त्यावर बांधलेल्या एका शाळेचं. तळमजला नाहीच, तिथे नदी. म्हणून त्यांनी सगळे वर्ग 'पहिला मजला' म्हणून नोंदवलेले. गाणं शिकवणारा म्हणजे शाळेचा होडीवाला. सकाळभर तो पोरांना या काठावरून त्या काठावरून गोळा करतो, दुपारी गातो. पत्रात लिहिलं होतं, "आम्ही सगळं नीट भरलं, पण तुमचा प्रोग्रॅम सांगतो की संगीत अशक्य आहे. आमच्या होडीवाल्याने हे फार मनाला लावून घेतलंय. शाळा आठ दिवसांत सुरू होते. कृपा करून कळवा, संगीत अशक्य का आहे?"

खारूताईने ओळ शोधली आणि उघड्या चर्चेत, सगळ्यांना दिसेल असा, प्रश्न टाकला: "मास्तर, ही चारशे बारावी ओळ कशासाठी?"

ही चर्चा जग वाचतं ते वाचो. पण त्यांच्या जुन्या शाळेतल्या निवृत्त चित्रकलाबाईही ती वाचायच्या, आणि रोज पाचच्या ठोक्याला बाईंना फोन करायच्या. चार वाजता लिहिलेलं पाच वाजता स्वयंपाकघरात पोचणार.

मास्तरांनी मग एक थाप ठोकली. आयुष्यभर पोरांच्या थापा पकडलेला माणूस, पण स्वतः थाप मारायची सवय नव्हती. त्यांनी लिहिलं: "तांत्रिक कारण आहे. दुपारी हवा तापते, तापलेली हवा आवाज वाहून नेते, त्यामुळे वरच्या मजल्यावरचं गाणं खालच्या वर्गांना जास्त ऐकू येतं."

असली थाप कुलूपबंद खोक्यात पन्नास वर्षं सुखाने राहिली असती. उघड्यावर तिला एक दिवसही मिळाला नाही. एका विज्ञानशिक्षकाने लिहिलं की तापलेली हवा वर जाते, मग आवाज खाली कसा येईल? बर्फाळ मुलखातून विचारणा आली की आमच्याकडे हवा तापतच नाही, आम्हाला हा नियम का? तिसरा इतका सज्जन निघाला की त्याने आपल्या शाळेच्या तिन्ही मजल्यांवर आवाज मोजायची यंत्रं लावली, आठ मुलांना दिवसभर गायला लावलं, आणि रंगीत आलेख जोडून नम्रपणे कळवलं की मास्तरांचं म्हणणं सिद्ध होत नाही, परंतु आठवं मूल बेसूर आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सत्तेचाळीस उत्तरं जमली.

खारूताईने खाजगीत लिहिलं: "मास्तर, तुम्ही खोटं बोलताय का? बोलत असाल तर माझं काही म्हणणं नाही. पण मग ओळ जाईल."

"काढून टाक," असं मास्तरांनी टाईप केलं. सुटलो, असं त्यांना वाटलं. पण पाठवायच्या आधी चर्चेत एक नवं उत्तर पडलं. लिहिणारी कुठल्याशा गावातली संगीतशिक्षिका. "मी या प्रोग्रॅममधलं काही जाणत नाही," तिने लिहिलं होतं. "माझं कंबरेचं हाड बदललेलं आहे. चौदा वर्षं मला दुपारी जिना चढावा लागला नाही. मला वाटायचं आमच्या मुख्याध्यापिकाबाई मनाने मोठ्या आहेत. आज कळलं की ती एक ओळ होती. कारण काहीही असो, तिला हात लावू नका." तिच्याखाली आणखी एकीने लिहिलं, तिच्याखाली एकाने. जगभरात कितीतरी मुख्याध्यापक बसल्या जागी देवमाणूस झालेले होते.

मास्तरांनी टाईप केलेलं पुसलं. ओळ काढावी तर ही सगळी माणसं पायऱ्यांवर, आणि ठेवावी तर खरं कारण सांगायला हवं. ते उठले, खाली निघाले, आणि नेहमीच्याच सहाव्या पायरीवर येऊन बसले.

बराच वेळ झाला. चहा गार झाला असणार. मग खालून कठड्याचा करकर आवाज आला. बाई एकेक पायरी, एक पाय टेकवून दुसरा त्याच्याशेजारी आणत, वर येत होत्या. पाचव्या पायरीवर पोचून त्या मास्तरांच्या पायाशी बसल्या.

"दोन दिवस घास घशाखाली उतरत नाहीये तुमच्या, आणि चित्रकला काल फोनवर तापलेल्या हवेचं काहीतरी सांगत होती," त्या म्हणाल्या. "काय ते बोला. मी पुन्हा चढून येणार नाही."

मास्तरांनी सांगितलं. ओळ सांगितली, होडीवाला सांगितला, हवेची थाप सांगितली. बाई भिंतीकडे बघत ऐकत होत्या.

"एकोणीस वर्षं?" शेवटी त्या म्हणाल्या. प्रोग्रॅम लिहिल्यापासून निवृत्तीपर्यंतचा हिशेब त्यांनी मनात करायला घेतला होता आणि तो चुकला होता.

"तेरा. बावीसमधून नऊ वजा कर."

"गणित नका शिकवू मला आत्ता. आणि हेडसर?"

"त्यांनी वेळापत्रक कधी वाचलंच नाही. सही करायचे."

"त्यांच्या निरोपाच्या समारंभात मी बारा मिनिटं बोलले."

"चौदा. मी घड्याळ बघत होतो."

"रडलेसुद्धा."

"रडण्याची दोन धरूनच."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आपला गुडघा चोळला, मग जरा वेळाने विचारलं, "माझ्या वाटच्या पायऱ्या कोण चढलं?"

मास्तर कठड्यावरची धूळ बोटाने पुसू लागले.

"चित्रकला? तिला दमा होता हो."

"नाही."

"मग कोण?"

मास्तरांनी बसल्या जागी पाय हलवला. गुडघा कडकन वाजला. बाईंनी त्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि त्यांना ते उत्तर तिथे दिसलं.

"गणित," त्या म्हणाल्या.

"माझीच होती ना ओळ. दुसऱ्या कोणावर कशी टाकणार?"

"मला विचारायचं होतं."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. आणि चढले असते, रडत-कुंथत. पण कोणीतरी विचारलं होतं, एवढं तरी माझ्यापाशी राहिलं असतं. तुम्ही ते त्या मेलेल्या माणसाच्या नावावर जमा करून ठेवलंत. आणि बाकीचे? मला वाचवायला तुम्ही चढलात, ते तुमच्या खुशीने. बाकीच्या शाळांतले गणितवाले कोणाच्या खुशीने चढतायत?"

"एकाला काठी आहे," मास्तर म्हणाले. एकदा सांगायचंच तर सगळं सांगावं. "त्याने तीनदा लिहिलं."

"काय कळवलंत त्याला?"

"तपासून पाहतो म्हणून."

"म्हणजे त्या खोकेवाल्यांनी तुम्हाला कळवलं होतं तेच."

मास्तरांनी भिंतीला डोकं टेकवलं. बावीस वर्षांत पत्रं लिहून, दुरुस्त्या करून, गाढवासारखं राबून जितका शीण आला नव्हता तितका त्या एका वाक्याने आला. दार उघडं ठेवलं म्हणून जगभर कौतुक, आणि एक कोनाडा तेवढा त्यांनी स्वतःच बुजवून टाकला होता; वर त्याचीच राखण करत बसले होते.

"चला," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"वर. किती राहिल्या? आठ ना? मी सांगते, तुम्ही लिहा. तुम्हाला एकट्याला लिहायला बसवलं तर पुन्हा हवा तापवाल."

आठ पायऱ्यांना पाव तास लागला. बाईंनी सांगितलं आणि मास्तरांनी, एक शब्द न बदलता, उघड्या चर्चेत लिहिलं: "ही ओळ माझ्या बायकोच्या गुडघ्यांसाठी होती. तिला न विचारता घातली. गणितवाल्यांनाही न विचारता घातली. काठीवाल्या मास्तरांची माफी मागतो, तीन वेळा. ओळ काढा; पण तिच्या जागी असं काही करा की ज्याला जिना झेपत नाही त्याला स्वतः तसं सांगता येईल, मग तो काहीही शिकवत असो. आणि त्याच्या वाटच्या पायऱ्या कोणावर पडतात तेही वेळापत्रकात सगळ्यांना दिसू दे, म्हणजे त्यालाही हो की नाही म्हणता येईल."

"हवेचं खोटं होतं, तेही लिहा."

"ते त्यांना कळलंय."

"तरी लिहा."

मास्तरांनी तेही लिहिलं. मग दोघं वरच बसून राहिली, कारण उतरायचा दोघांनाही कंटाळा आला होता. पाच वाजता खाली फोन वाजू लागला. चित्रकलाबाई. वाजून वाजून बंद पडला, पुन्हा वाजला.

"वाजू दे," बाई म्हणाल्या. "तिलाही आज बातमी पोटात ठेवायची सवय होऊ दे."

पुढचं काम खारूताईने आणि तिच्या चौघांनी तीन दिवसांत उरकलं. एकाने ओळी लिहिल्या, दुसऱ्याने तपासल्या. आवाज मोजणाऱ्या सज्जनाने तिन्ही मजल्यांवर मुलांना पळवून वेळा घेतल्या, कोणी मागितल्या नव्हत्या तरी. प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे एक नवा रकाना आला. त्याला नाव काय द्यायचं यावर मात्र एकतीस उत्तरांचा वाद झाला. 'शारीरिक मर्यादा' म्हणावं असं कोणी सुचवलं, 'विशेष गरजा' असं कोणी. शेवटी खारूताईने लिहिलं, "या रकान्याचं नाव गुडघे. ज्याला आवडत नसेल त्याने आपल्या शाळेपुरतं बदलून घ्यावं, प्रोग्रॅम उघडाच आहे." लोकांनी तो हवा तसा भरला. कोणी 'कंबर' लिहिलं, कोणी 'श्वास', कोणी 'तान्हं बाळ'. खांबांवरच्या शाळेतल्या गायकाने लिहिलं 'सकाळी होडी', आणि त्याला सगळ्या दुपारी मिळाल्या. त्या शाळेने आभाराचं पत्र पाठवलं: संगीत आता शक्य आहे.

मेहुण्याला बोलावून कॉम्प्युटर खाली आणवला. तो पडदा छातीशी धरून, एकेका पायरीवर शिव्या देत उतरला.

"एवढं जगभर वाटलंत," तो धापा टाकत म्हणाला, "एक हमाल काही मिळाला नाही तुम्हाला."

"मिळाला की," बाई म्हणाल्या. "किल्लीसकट."

"आता वरच्या खोलीला एक कुलूप तरी घालू का?"

"काय न्यायचंय कोणी तिथून?" मास्तर म्हणाले. "धूळ आहे. हवी तर ने."

खाली आणलेला कॉम्प्युटर आठवडाभर तसाच झाकून होता. पत्रं आता खारूताईकडे जात. मास्तर सकाळी उठत, सवयीने जिन्यापर्यंत जात, कठड्याला हात लावत आणि परत फिरत. एवढ्या वर्षांचा शीण एका आठवड्यात निघणारा नव्हता. तो आत्ता कुठे बाहेर पडायला लागला होता, आणि दुपारी जेवता जेवताच त्यांचे डोळे मिटत.

एकच पत्र खारूताईने मुद्दाम पुढे पाठवलं. काठीवाल्या गणितमास्तराचं. बाईंनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. "मला आता तळमजला मिळाला आहे. माझ्या जागी व्यायामशिक्षक वर जातो, त्याने आपणहून हो म्हटलं. दुपारी वरच्या वर्गातलं गाणं माझ्या वर्गात खाली ऐकू येतं. तुमचं हवेचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं."

"बघा," मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

"बघितलं," बाई म्हणाल्या, आणि गार झालेला चहा त्यांनी पुन्हा गरम करायला ठेवला. जरा वेळाने, भांड्याकडे बघत, त्या म्हणाल्या, "चौदा मिनिटं बोलले मी त्या माणसावर. तुमच्या निरोपाला किती बोलले होते?"

"नव्हतीस बोलली. आपली दोघांची निवृत्ती एकाच दिवशी झाली. तू शेजारी बसली होतीस."

बाईंनी कप पुढे सरकवला आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. घड्याळाकडे एकदा पाहिलं. मग, घसा साफ करून, सावकाश बोलायला सुरुवात केली.

मास्तरांनी यावेळी घड्याळ बघितलं नाही. तिसऱ्या वाक्याला त्यांना झोप लागली. बाई तरी बोलतच होत्या.